धाकट्या दीर्घिकांतले थोरले तारे

दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनजवळच्या टेकडीवर हार्वर्ड विद्यापीठाचं बॉयडन वेधकेंद्र होतं. तिथल्या २४ इंची दुर्बिणीला ब्रूस दुर्बीण म्हणत, कारण न्यूयॉर्कच्या कॅथरीन वुल्फ ब्रूस यांनी दिलेल्या ५० हजार डॉलर्समधून ती उभी राहिली होती. आधी ती पेरू देशात अरेकिपा इथं होती, १९२०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेत आली. रात्री तासन् तास उघड्या ठेवलेल्या काचेच्या प्लेटा धुऊन, वाळवून, पेट्यांत भरून अमेरिकेतल्या केंब्रिजला पाठवल्या जात आणि तिथं भिंगाखाली इंच इंच तपासल्या जात. हे काम बहुतांशी स्त्रिया करत. तुटपुंज्या पगारावर आयुष्यभर प्लेटा वाचणाऱ्या या स्त्रियांपैकीच हेन्रिएटा लेविट यांनी अरेकिपाच्या प्लेटांवरून मॅगेलनच्या मेघांतले तेज बदलणारे तारे मोजले होते. अशा ताऱ्याच्या तेजाची लय कळली की त्याचं अंतर काढता येतं, हे त्यांच्याच कामातून पुढे आलं.

१९३८ साली आफ्रिकेहून आलेल्या एका प्लेटवर शिल्पकार तारकासमूहाच्या भागात काहीतरी वेगळं दिसलं. तीन तास प्रकाश घेतलेल्या त्या काचेवर अगदी कडेच्या तेजाचे, जेमतेम उमटलेले हजारो ठिपके एका जागी विरळ पसरले होते. मध्ये ठळक गाभा नव्हता, सर्पिल भुजा नव्हत्या, कडाही नीट ठरत नव्हती. प्लेटवर डाग पडणं ही रोजची गोष्ट होती, त्यामुळे हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांनी जुन्या साठ्यातल्या प्लेटा काढायला लावल्या. १९०८ मध्ये एका लहान कॅमेऱ्याने अनेक रात्री मिळून २३ तासांहून अधिक वेळ घेतलेल्या प्लेटवर त्याच जागी पुसट धुकं निघालं. वस्तू आकाशातलीच होती आणि तीस वर्षं ती कपाटात पडून होती. शॅप्लींनी हार्वर्डच्या पत्रिकेत नव्या प्रकारची तारकासंस्था म्हणून तिची नोंद केली. लगोलग अश्मंत तारकासमूहात, ज्याला पाश्चात्त्य नाव फोरनॅक्स, दुसरी तशीच संस्था सापडली.

शिल्पकार तारकासमूह महाराष्ट्रातूनही दिसतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या रात्री दक्षिणेला मीनास्य हा एकटा ठळक तारा लागतो. त्याच्या पूर्वेकडे बराच भाग रिकामा वाटतो, तो हाच. तिथं सुमारे दोन लाख ८० हजार प्रकाशवर्षांवर ही बटू दीर्घिका आहे. डोळ्यांना ती दिसत नाही आणि साध्या दुर्बिणीलाही लागत नाही.

या दीर्घिकांना बटू म्हणतात ते तेजावरून. आपल्या आकाशगंगेत शंभर ते चारशे अब्ज तारे असावेत असा अंदाज आहे. शिल्पकारमधल्या दीर्घिकेचं एकूण तेज काही दशलक्ष सूर्यांइतकं भरतं. अलीकडे सापडलेल्या काही दीर्घिका तर सूर्याच्या काहीशे पट इतक्याच उजेडाच्या आहेत. गेल्या पाऊणशे वर्षांतल्या खगोलशास्त्राने मात्र या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्त्यांमध्येच विश्वातल्या सर्वांत जुन्या ताऱ्यांचा शोध घेतला. तो टप्प्याटप्प्याने लागला. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आधीच्यांनी ठरवून टाकलेली गोष्ट पुन्हा तपासून पाहिली.

शोधानंतर वर्षभरात, १९३९ मध्ये, वॉल्टर बाडे आणि एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण या दोन दीर्घिकांकडे वळवली. शिल्पकारमध्ये त्यांना आरआर लायरी जातीचे रूपविकारी तारे मिळाले, तर फोरनॅक्समध्ये गोलाकार तारकागुच्छ. आरआर लायरी तारे एक दिवसाच्या आत फुलतात आणि मंदावतात. कुणाची लय आठ-दहा तासांची असते, कुणाची पंधरा. आपल्या आकाशगंगेत असे तारे मुख्यतः गोलाकार तारकागुच्छांत आणि चकतीच्या बाहेरच्या विरळ प्रभामंडळात आढळत. म्हणजे नव्याने सापडलेल्या या दीर्घिकांचा सोयरसंबंध आपल्या चकतीतल्या निळ्या, झगझगीत ताऱ्यांशी नसून या वेगळ्या गटाशी होता. तो गट जुन्या ताऱ्यांचा आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तारे म्हातारे कसे होतात, हेच अजून उलगडलं नव्हतं.

मग युद्ध आलं. माउंट विल्सनचे बरेच शास्त्रज्ञ युद्धाच्या कामाला लागले. बाडे जर्मन नागरिक होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर निर्बंध आले, पण दुर्बिणीवर रात्री काम करण्याची सूट त्यांना मिळाली. लॉस एंजेलिस शहरावर अधूनमधून अंधाराची सक्ती होत होती. एरवी दिव्यांनी उजळलेलं डोंगरावरचं आकाश त्या काळात काळंभोर झालं. दुर्बीण बाडेंच्या हाती बराच वेळ राहू लागली. त्यांनी देवयानी दीर्घिकेच्या गाभ्याकडे आणि तिच्या शेजारच्या दोन लहान दीर्घिकांकडे मोर्चा वळवला. आधीच्या निळ्या प्लेटांवर हे सगळे भाग गुळगुळीत धुक्यासारखे उमटत, एकही तारा सुटा होत नसे. बाडेंनी लाल रंगाला संवेदनशील असलेल्या प्लेटा वापरल्या. त्यांची संवेदनशीलता वाढवण्यासाठी त्या अमोनियातून काढल्या. हवा शांत असेल अशाच रात्री निवडून तासन् तास दुर्बिणीचं लक्ष्य हाताने सावरत बसले. १९४३च्या त्या प्लेटांवर धुकं फुटलं आणि लाल ताऱ्यांचे हजारो ठिपके वेगळे झाले.

१९४४ मध्ये बाडेंनी मांडलं की ताऱ्यांचे ढोबळमानाने दोन गण आहेत. पहिल्या गणातले निळे, तेजस्वी तारे सर्पिल भुजांत, वायू आणि धूळ असलेल्या जागी राहतात. दुसऱ्या गणात सर्वांत ठळक तारे लाल असतात आणि ते गोलाकार तारकागुच्छांत, मोठ्या दीर्घिकांच्या गाभ्यात आणि लहान दीर्घिकांत आढळतात. ही विभागणी पुढे खगोलशास्त्राचा पाया ठरली. पालोमारची २०० इंची दुर्बीण सुरू झाल्यावर देवयानीमध्ये आरआर लायरी तारे दिसायला हवे होते, ते दिसेनात. लेविट यांच्या नियमाने मोजणी करताना दोन गणांतले तारे एकच समजले गेले होते, हे त्यातून उघड झालं. १९५२ मध्ये बाडेंनी रोमच्या परिषदेत हे जाहीर केलं आणि दीर्घिकांची अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली.

दरम्यान ताऱ्याच्या पोटातलं हायड्रोजनचं इंधन संपलं की तो फुगून लाल राक्षसी तारा होतो, हे गणिताने दाखवता येऊ लागलं होतं. मोठे तारे लवकर संपतात, लहान तारे संथ जळतात. त्यामुळे एखाद्या वस्तीत कोणत्या वजनापर्यंतचे तारे अजून साध्या अवस्थेत टिकून आहेत हे पाहिलं की वस्तीचं वय निघतं. दुसरा गण म्हणजे जुन्या ताऱ्यांचा गण, हे पक्कं झालं. १९५७ साली व्हॅटिकनमध्ये या एकाच विषयावर परिषद भरली. बाडे, ऊर्ट, हॉईल, लमेत्र असे त्या काळचे दिग्गज तिथं होते.

त्याच वर्षी मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉईल यांचा मूलद्रव्यांच्या जन्मावरचा प्रसिद्ध प्रबंध आला. लोखंड, कॅल्शियम, सोनं, ही सगळी द्रव्यं ताऱ्यांत घडतात आणि पुढच्या पिढीच्या ताऱ्यांत मिसळतात, असा त्याचा गाभा. हॉईल हे जयंत नारळीकरांचे गुरू. मराठी वाचकांना त्यांचं नाव महास्फोटाच्या सिद्धांताचे विरोधक म्हणून अधिक ठाऊक आहे, पण विज्ञानात त्यांचं सर्वांत टिकाऊ काम माझ्या मते हेच. ताऱ्याच्या वयाची दुसरी खूण त्यातून मिळाली. जितका तारा जुना, तितकं त्यात लोखंड कमी, कारण त्याच्या जन्माआधी लोखंड तयार करणाऱ्या पिढ्याच फार झाल्या नव्हत्या. वर्णपटातल्या काळ्या रेषांवरून लोखंड किती हे काढण्याची रीत मेघनाद साहा यांच्या १९२०च्या समीकरणावर उभी आहे. ते समीकरण ताऱ्यांच्या वर्णपटांना लावून सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये शॅप्लींच्याच हार्वर्डमध्ये आपला प्रबंध लिहिला होता.

पालोमारच्या ४८ इंची दुर्बिणीने १९५०च्या दशकात अख्ख्या उत्तर आकाशाची पाहणी केली. त्यात सिंह राशीत दोन, आणि कालेय आणि ध्रुवमत्स्य या तारकासमूहांत एकेक बटू दीर्घिका सापडली. त्यातल्या कालेयच्या, म्हणजे ड्रेकोच्या, दीर्घिकेशी हेन्रिएटा स्वोप यांचं नाव कायमचं जोडलं गेलं.

स्वोप यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण या विषयाच्या लोकप्रिय लेखांत त्या जवळजवळ नसतातच. जन्म १९०२चा. वडील जेरार्ड स्वोप जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे अध्यक्ष. घरात कशाला कमी नव्हतं, तरी १९२०च्या दशकात त्या हार्वर्डमध्ये शॅप्लींच्या हाताखाली प्लेटांवर रूपविकारी तारे हुडकण्याच्या कामाला लागल्या. युद्धात त्यांनी जहाजांच्या दिशादर्शनासाठी लागणारी लोरान प्रणालीची कोष्टकं तयार करण्याचं काम केलं. १९५२ मध्ये बाडेंनी त्यांना कॅलिफोर्नियात बोलावून घेतलं. प्लेटा बाडे घेत आणि मोजणी स्वोप करत. एकाच जागेच्या वेगवेगळ्या रात्रींच्या दोन प्लेटा यंत्रात शेजारी लावायच्या आणि भिंगातून एक दाखव, दुसरी दाखव, असं आलटून-पालटून पाहायचं. ज्याचं तेज बदललं असेल तो ठिपका डोळ्यांसमोर उघडझाप करतो. मग त्याचं तेज शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून डझनावारी प्लेटांवर मोजायचं आणि त्यातून लय काढायची. हे प्रत्येक ताऱ्यासाठी करायचं. ड्रेकोमध्ये २६० हून अधिक रूपविकारी तारे निघाले आणि त्यांतल्या शंभरावर आरआर लायरींची लय स्वोप यांनी निश्चित केली. बाडे जून १९६० मध्ये वारले. त्यांच्यामागे स्वोप यांनी काम पुरं केलं आणि १९६१ मध्ये ड्रेकोवरचा प्रबंध दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला.

आपल्यापासून अडीच लाख प्रकाशवर्षांवरच्या एका बारक्या वस्तीत दहा अब्ज वर्षांहून जुने तारे इतक्या संख्येने आहेत, हे त्या प्रबंधाने सिद्ध केलं. स्वोप यांनी पुढे आपल्या संपत्तीतून कार्नेगी संस्थेला मोठी देणगी दिली. तिच्यातून चिलीमधल्या लास कंपानास डोंगरावर ४० इंचांची दुर्बीण उभी राहिली आणि तिला स्वोप यांचं नाव दिलं गेलं. या दुर्बिणीचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

एक समजूत या काळात घट्ट झाली होती. बटू दीर्घिका म्हणजे पसरट झालेला गोलाकार तारकागुच्छच. सगळे तारे एकाच वयाचे, एकाच मिश्रणाचे. बाडेंचाही कल तिकडेच होता. १९७०च्या दशकात ड्रेकोतल्या सुट्या राक्षसी ताऱ्यांचे वर्णपट घेतले गेले तेव्हा त्यांच्यातलं लोखंडाचं प्रमाण ताऱ्यागणिक बरंच वेगळं निघालं. म्हणजे तिथं एका पिढीने स्फोट होऊन द्रव्य सोडलं होतं आणि त्यातून पुढची पिढी जन्मली होती. मग प्लेटा गेल्या आणि इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आले. त्यामुळे अगदी अंधुक, वय सांगणाऱ्या साध्या ताऱ्यांपर्यंत पोचता आलं. १९७७ मध्ये सापडलेल्या कॅरिना दीर्घिकेत जेरेमी मोल्ड आणि मार्क आरन्सन यांनी १९८३ मध्ये मोजणी केली तर बहुतेक तारे मध्यम वयाचे. पुढच्या दशकात तिथं ताराजन्माच्या वेगवेगळ्या लाटा सुट्या ओळखता आल्या, मध्ये अब्जावधी वर्षं जवळजवळ शांत. जुने तारे मात्र तिथंही होतेच. आपल्या परिसरातली जी जी बटू दीर्घिका पुरेशी खोल तपासली, तिच्या तळाशी जुन्या ताऱ्यांचा थर निघाला.

आरन्सन यांनी त्याच वर्षी आणखी एक मोजमाप केलं. ड्रेकोतल्या तीन कार्बन ताऱ्यांचे वेग त्यांनी मोजले. इतक्या थोड्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाला धरून ठेवता येणार नाही असे ते वेग निघाले. एवढीशी दीर्घिका विखुरली का नाही, याचं उत्तर एकच होतं. तिच्यात दिसणाऱ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, न दिसणारं कृष्णद्रव्य आहे. फक्त तीन ताऱ्यांवरून काढलेला हा निष्कर्ष त्या वेळी धाडसी होता. नंतर शेकडो ताऱ्यांच्या वेगांनी तो खरा ठरवला. आरन्सन ते पाहायला राहिले नाहीत. ३० एप्रिल १९८७ रोजी किट पीक वेधशाळेत दुर्बिणीच्या घुमटात झालेल्या अपघातात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

या जुन्या ताऱ्यांना एवढं महत्त्व का, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. जुने तारे आपल्या आकाशगंगेतही आहेत. पण आकाशगंगा म्हणजे पुण्याच्या पेठेसारखी. जुना वाडा पाडून इमारत, इमारत पाडून टॉवर, कोणती तुळई कोणत्या वाड्याची हे सांगता येत नाही. बटू दीर्घिकांत बांधकाम लवकर थांबलं, म्हणून तिथं मूळ घरं जागच्या जागी आहेत.

१९७८ मध्ये लिओनार्ड सर्ल आणि रॉबर्ट झिन यांनी सुचवलं होतं की आकाशगंगेचं प्रभामंडळ एका झटक्यात कोसळून झालं नसून लहान लहान तुकडे गोळा होऊन बनलं असावं. १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजचे तरुण संशोधक रॉड्रिगो इबाटा आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच कामासाठी आकाशगंगेच्या फुगीर मध्यभागाचे तारे पाहत होते. त्यात एक मोठा गट एकत्र वेगळ्या वेगाने चाललेला त्यांना सापडला. ती होती धनू राशीतली बटू दीर्घिका. आकाशगंगा तिला आज, आपल्या काळात, फाडून आपल्यात मिसळून घेते आहे. गोळाबेरजेचा सिद्धांत डोळ्यांसमोर घडताना दिसला.

तरी एक अडचण उरली. प्रभामंडळातल्या काही ताऱ्यांत लोखंड सूर्याच्या हजारांश भागाहूनही कमी होतं. प्रभामंडळ बटू दीर्घिकांपासून बनलं असेल तर असे तारे त्या दीर्घिकांतही मिळायला हवेत. २००६ मध्ये चिलीतल्या युरोपीय दुर्बिणीने शिल्पकार, फोरनॅक्स, कॅरिना आणि सेक्स्टन्स या चार दीर्घिकांतले शेकडो तारे तपासले. त्यांत तसा एकही निघाला नाही. मग आपले पूर्वज हे नव्हेतच, असं अनेकांना वाटू लागलं. पण गफलत मोजण्याच्या पद्धतीत होती. लोखंडाऐवजी कॅल्शियमच्या तीन ठळक रेषांवरून अंदाज बांधला जात होता, आणि लोखंड अत्यल्प असताना तो अंदाज ढळत होता. एल्से स्टार्केनबर्ग यांनी २०१० मध्ये पद्धत दुरुस्त केली. त्याच वर्षी ॲना फ्रेबेल, एव्हान कर्बी आणि जोशुआ सायमन यांनी शिल्पकारमधल्या एका ताऱ्याचा वर्णपट प्रसिद्ध केला. त्यातलं लोखंड सूर्यातल्या लोखंडाच्या सुमारे सहा हजाराव्या भागाइतकं. २०२१ मध्ये आउसा स्कुलादोतिर यांनी त्याच दीर्घिकेत त्याहून कमी, सूर्याच्या साधारण तेरा हजाराव्या भागाइतक्या, लोखंडाचा तारा दाखवला. विश्वात सर्वप्रथम पेटलेल्या, निव्वळ हायड्रोजन-हेलियमच्या एखाद्या ताऱ्याच्या प्रचंड स्फोटाची राख त्याच्यात थेट आली असावी, असं त्याच्या मिश्रणावरून दिसतं.

विषयाला खरी कलाटणी मिळाली ती २००५ नंतर. न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटर व्यासाच्या स्लोन दुर्बिणीने आकाशाची डिजिटल नोंद केली होती. बेथ विलमन, वासिली बेलोकुरोव्ह आणि इतर संशोधकांनी त्या नोंदीतून नवीनच दीर्घिका बाहेर काढायला सुरुवात केली. छायाचित्रात त्या दिसतच नाहीत. रंग आणि तेज जुन्या ताऱ्यांच्या ठरावीक साच्यात बसतात असे तारे संगणकाने वेगळे करायचे आणि एका जागी त्यांची दाटी होते का ते पाहायचं. सप्तर्षी, भूतप, श्यामशबल, अरुंधती केश, शौरी, सिंह, अशा ओळखीच्या तारकासमूहांतून एकामागून एक नावं आली. सिंह राशीतली सेग्यू १ ही सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि तिचं सगळं तेज सूर्याच्या काहीशे पटच आहे. ही दीर्घिका नसून विखुरलेला तारकागुच्छ आहे, असं काहींचं म्हणणं होतं. मार्ला गेहा आणि सायमन यांनी हवाईतल्या केक दुर्बिणीवर तिचे तारे एकेक करून मोजले. ७१ तारे तिचे ठरले. त्यांच्या वेगावरून कृष्णद्रव्याचं प्रमाण प्रचंड निघालं आणि लोखंडही ताऱ्यागणिक वेगळं. तारकागुच्छात सहसा हे दोन्ही नसतं.

या अतिमंद दीर्घिकांचं वय काढण्याचं काम हबल अवकाश दुर्बिणीने केलं. टॉम ब्राउन आणि सहकाऱ्यांनी अशा सहा दीर्घिका खोलवर टिपल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतले निदान ८० टक्के तारे १२.८ अब्ज वर्षांपूर्वीच जन्मले होते आणि ११.६ अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत काम पुरतं आटोपलं होतं. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. म्हणजे पहिल्या अब्ज वर्षांतच त्यांचा बहुतेक संसार मांडून झाला. पुढे काहीच का घडलं नाही? पहिल्या ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या अतिनील प्रकाशाने विश्वभरचा हायड्रोजन तापला, त्याचे इलेक्ट्रॉन सुटले. मोठ्या दीर्घिकांचं गुरुत्वाकर्षण हा तापलेला वायू धरून ठेवू शकलं. लहानांच्या हातून तो निसटला, नवा आत येईना, आणि ताराजन्म बंद पडला. सहा दीर्घिका एकमेकींपासून दूर, वेगवेगळ्या दिशांना, तरी सर्वांचं काम जवळजवळ एकाच काळात थांबलेलं. सर्वदूर पोचलेल्या कारणाशिवाय हे जमत नाही. या निष्कर्षाइतका सुंदर पुरावा या शास्त्रात थोडा असेल.

२०१५च्या मार्चमध्ये दक्षिण आकाशात रेटिक्युलम २ ही अतिमंद दीर्घिका सापडली, जेमतेम एक लाख प्रकाशवर्षांवर. तिच्या सर्वांत ठळक नऊ ताऱ्यांचे वर्णपट अलेक्झांडर जी आणि ॲना फ्रेबेल यांनी लास कंपानासच्या मॅगेलन दुर्बिणीवर घेतले. नऊपैकी सात ताऱ्यांत युरोपियमसारखी जड द्रव्यं इतर अतिमंद दीर्घिकांच्या शेकडो पट निघाली. ही द्रव्यं, आणि त्यांच्याबरोबर सोनं आणि प्लॅटिनम, अणुकेंद्रांवर न्यूट्रॉनांचा झपाट्याने मारा झाला तरच बनतात. बर्बिज-फाउलर-हॉईल प्रबंधात ही प्रक्रिया मांडलेली आहेच, पण ती विश्वात नेमकी कुठं होते, यावर साठ वर्षं वाद होता. साध्या अतिनवताऱ्यांच्या स्फोटांतून थोडं थोडं द्रव्य येत असतं तर सगळ्याच दीर्घिकांत थोडं थोडं मिळालं असतं. इथं बाकी सगळ्या जवळजवळ कोरड्या आणि एकीला मात्र भरभरून मिळालेलं. एखादीच दुर्मीळ, मोठी घटना त्या वस्तीत अगदी सुरुवातीला घडून गेली असणार. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर हा त्यावरचा सर्वांत सयुक्तिक तर्क होता. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

पुढच्या वर्षी, १७ ऑगस्ट २०१७ रोजी, १३ कोटी प्रकाशवर्षांवर झालेल्या अशाच टकरीच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर नोंदवल्या गेल्या. काही तासांत ती जागा प्रत्यक्ष प्रकाशात पहिल्यांदा टिपली ती लास कंपानासच्या त्याच डोंगरावरच्या स्वोप दुर्बिणीने. त्या प्रकाशात जड द्रव्यं नुकती घडल्याच्या खुणा होत्या. हेन्रिएटा स्वोप तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटीनेही या टकरीचा पाठपुरावा केला, रेडिओ लहरींत. आता हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरींची भारतीय वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती उभी राहिली की अशा टकरी आकाशात नेमक्या कुठं झाल्या हे अधिक अचूक सांगता येईल. रेटिक्युलममध्ये तेरा अब्ज वर्षांपूर्वी काय घडलं, याची पडताळणी करण्याचा तो एक मार्ग आहे. मराठवाड्याने या कामाकडे आपलं म्हणून पाहायला हवं.

२०१८ मध्ये युरोपच्या गाया यानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांच्या जागा आणि गती जाहीर केल्या. सूर्याच्या आसपासच्या प्रभामंडळाचा मोठा हिस्सा एकाच दीर्घिकेचा आहे आणि ती आठ ते अकरा अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेत विरघळली, हे त्यातून उघड झालं. सर्ल आणि झिन यांचा चाळीस वर्षांपूर्वीचा अंदाज बरोबर होता. चिलीमध्येच व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रं प्रसिद्ध केली. ३,२०० मेगापिक्सेलचा तिचा कॅमेरा दहा वर्षं दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे. आकाशगंगेभोवतीच्या ज्ञात बटू दीर्घिका आज साठच्या आसपास आहेत. हा आकडा वाढणार, यात शंका नाही.

या संशोधनातली एक गोष्ट आपल्याकडच्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. गायाची सगळी माहिती जगातल्या कुणालाही फुकट उतरवून घेता येते. सांगलीच्या किंवा नांदेडच्या कॉलेजातला विद्यार्थी साध्या संगणकावर शिल्पकार तारकासमूहातली ती जागा निवडू शकतो. गतीवरून आपल्या आकाशगंगेचे तारे गाळून टाकू शकतो आणि उरलेल्यांचा रंग आणि तेज यांचा आलेख काढू शकतो. लाल राक्षसी ताऱ्यांची वर चढत जाणारी शाखा त्यात स्पष्ट उमटते. तिच्या खाली, यानाच्या मर्यादेपाशी, आरआर लायरी ज्या आडव्या पट्ट्यात राहतात तो पट्टाही लागतो. भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात हा प्रकल्प सहज बसेल. येत्या सत्रात तो विद्यार्थ्यांना द्या.